बंदूक अडते तेव्हां

श्रोते हो,

उद्यां खंडेनवमी. नाशिकच्या जुन्या वाड्यांत, पोलीस ठाण्यांत आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उद्यां हत्यारांची पूजा होईल. कोणी तलवार पुजील, कोणी लेथ पुजील, कोणी आजीचें शिवणयंत्र पुजील. आणि ज्याच्या घरीं परवान्याची बंदूक आहे तो ती कपाटांतून काढून पाटावर ठेवील, तिला हळदकुंकू लावील, झेंडूचें फूल आणि अक्षता वाहील. ही पूजा मला प्रिय आहे. माझीं २८ वर्षें सैन्यांत शस्त्रांची देखभाल करण्यांत गेलीं. ज्याला फौजेंत आर्मरर म्हणतात तें माझें काम होतें. परंतु या पूजेनंतर कांहीं वेळां असें होतें कीं, अक्षतेचा एखादा दाणा बंदुकीच्या पोटांत शिरून बसतो आणि पुढल्या खेपेस ती बंदूक अडते. मालक म्हणतो, बंदूक बिघडली. वास्तविक बंदूक बिघडलेली नसते. तिच्याकडे कोणीं नीट पाहिलेलें नसतें, एवढेंच.

आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं बंदूक नाहीं, आणि ती नाहीं हें चांगलेंच आहे. मग हें भाषण कोणासाठीं, असें आपण विचाराल. आपण ज्या बँकेंत जातां तिच्या दाराशीं एक मनुष्य मांडीवर बंदूक आडवी घेऊन स्टुलावर बसलेला आपण नित्य पाहतां. तो बहुधा निवृत्त शिपाई असतो. पुष्कळदां बंदूक त्याच्या स्वतःच्या मालकीची असते, परवाना त्याच्या नांवावर असतो, आणि त्या बंदुकीवर त्याच्या घरची चूल पेटते. ती बंदूक अडली म्हणजे काय होतें तें गेल्या वर्षीं श्रावणांत मीं जवळून पाहिलें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या दिवशीं सायंकाळीं पावसाची झड लागली होती. सिन्नर तालुक्यांतील एक जुना ओळखीचा जवान, आतां बँकेच्या दारावर रखवालदार, माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला. काखेंत कापडी पिशवींत गुंडाळलेली बंदूक, खिशांत परवाना. त्याचा चेहरा उतरला होता.

'उस्ताद, बंदूक गेली,' तो म्हणाला.

'चोरीस गेली?'

'नाहीं हो. कामांतून गेली. साऱ्यांच्या देखत अडली.'

वर्षांतून एकदां या रखवालदारांचा गोळीबाराचा सराव होतो. यानें पहिला बार काढला, तो ठीक झाला. दुसऱ्या वेळीं रिकामें काडतूस बाहेर पडेना आणि नवें आंत जाईना. मागें दहा माणसें उभीं. यानें घाईनें जोर केला, मग कुंदा जमिनीवर आपटला. नळीचें तोंड त्या वेळीं त्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर होतें. मैदानावरील अधिकारी ओरडला, तेव्हां हा भानावर आला. बंदूक सुदैवानें उडाली नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं व्यवस्थापकांनीं सांगितलें कीं, परवानाधारक बंदूक-कारागिराचा दाखला आठ दिवसांत आणा, नाहीं तर दुसरा मनुष्य पाहूं. दुसरी बंदूक घेण्याची त्याची ऐपत नव्हती. मुलगी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती.

आतां ही बंदूक कोणत्या जातीची तें सांगतों, म्हणजे पुढील गोष्ट समजेल. तिला पंप-ॲक्शन म्हणतात. एकनळी बंदुकींत एक काडतूस मावतें, दुनळींत दोन मावतात. पंप-ॲक्शन बंदुकींत मुख्य नळीच्या खालीं दुसरी एक नळी असते. तिला मॅगझिन म्हणतात. तींत काडतुसें एकामागें एक ओळीनें भरलेलीं असतात आणि एक लांब स्प्रिंग त्यांना मागें ढकलीत असते. डाव्या हातांत असलेला पुढचा दस्ता मागें ओढावयाचा आणि पुढें सारावयाचा, कीं रिकामें काडतूस बाहेर आणि नवें आंत. हातपंपाच्या दांड्यासारखी ही ये-जा आहे, म्हणून पंप.

ही बंदूक मूळची अमेरिकेची. १८८२ सालीं ख्रिस्तोफर स्पेन्सर यानें तिचा एक चांगला चालणारा नमुना काढला. पुढें जॉन ब्राउनिंग यानें विंचेस्टर कंपनीसाठीं १८९३ आणि १८९७ सालीं जे नमुने योजले त्यांतील दुसरा १९५७ सालापर्यंत तयार होत होता. ब्राउनिंग हें नांव नाशिककरांस परकें नाहीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं येथील विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याजवर जें पिस्तूल झाडलें तें ब्राउनिंग जातीचें होतें. परंतु तें पिस्तूल बाराच्या जोरावर पुढची गोळी आपोआप जागेवर आणीत असे. पंप-ॲक्शन बंदुकीचें तसें नाहीं. तिचें प्रत्येक काडतूस मनुष्याच्या हातानें पुढें जातें. म्हणून ती अडली म्हणजे तीन ठिकाणीं पाहावें लागतें: काडतुसांत, यंत्रांत आणि हातांत. आपण सारे फक्त यंत्रांत पाहतों.

मीं त्याला आंत बोलाविलें. बंदूक त्याच्याच हातीं राहूं दिली, कारण परवाना त्याचा होता. प्रथम मीं घरांतील मुलांना माडीवर पाठविलें. मग बंदुकीचें तोंड अंगणाच्या दगडी भिंतीकडे धरावयास सांगितलें, बोट चापापासून दूर, सेफ्टी लावलेली. त्यानें बंदूक उघडली. आम्ही दोघांनीं चेंबरमध्यें पाहिलें, मॅगझिनच्या तोंडाशीं पाहिलें, आणि काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखालींही पाहिलें. या तिसऱ्या जागीं पाहण्यास लोक विसरतात. एखादें काडतूस त्या पट्टीखालीं सरकून बसलें असेल तर बंदूक रिकामी वाटते आणि असत नाहीं. डोळ्यांनीं पाहून झाल्यावर मीं त्याला करंगळी घालून चांचपावयास सांगितलें. मग जिवंत काडतुसांचा पट्टा उचलून दुसऱ्या खोलींत ठेवला. तोंवर मीं बिघाडाविषयीं एक शब्दही काढला नाहीं. बंदूक रिकामी झाल्यावांचून तिच्या दुखण्याची चर्चा करूं नये, हा आमच्या धंद्यांतील पहिला नियम आहे.

'आतां सांग,' मी म्हणालों, 'नक्की काय झालें?'

'अडली.'

'अडली म्हणजे काय? काडतूस मॅगझिनमधून आलेंच नाहीं, कीं येऊन वर चढलें नाहीं, कीं चढून चेंबरमध्यें शिरलें नाहीं, कीं आधींचें रिकामें निघालें नाहीं?'

तो गप्प बसला. श्रोते हो, वैद्याकडे जाऊन 'मला बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगणारा रोगी आणि 'बंदूक अडते' एवढेंच सांगणारा मालक सारखेच. या बंदुकीच्या एका ये-जेंत चार कामें होतात. दस्ता मागें येतांना रिकाम्या काडतुसाची कड एका बारीक आकड्यानें धरली जाऊन तें चेंबरमधून निघतें आणि बाहेर फेकलें जातें, हें पहिलें काम. दस्ता अगदीं शेवटापर्यंत मागें आला म्हणजे मॅगझिनच्या तोंडावरील अडसर क्षणभर बाजूला होतो आणि एकच नवें काडतूस पट्टीवर येऊन पडतें, हें दुसरें. दस्ता पुढें जाऊं लागतांच पट्टी काडतुसाला वर उचलते, हें तिसरें. आणि बोल्ट त्याला चेंबरमध्यें लोटून दार बंद करतो, हें चौथें. कोणतें काम राहिलें हें सांगतां आलें म्हणजे अर्धा दोष सांपडला.

नवें काडतूस मॅगझिनमधून येतच नसेल तर तेथील स्प्रिंग मऊ झाली असेल, गंजली असेल, नळीस पोचा पडला असेल, किंवा दस्ता पुरता मागें आला नसेल. एकाऐवजीं दोन काडतुसें येत असतील तर तो अडसर झिजला आहे किंवा त्याच्या खांचेंत मळ बसला आहे. काडतूस वर चढत नसेल तर पट्टी जड झाली आहे. अक्षतेचा दाणा येथेंच अडकतो. चढून आंत शिरत नसेल तर काडतूस फुगलें आहे, किंवा चेंबरमध्यें गंज वा जळका थर आहे. आणि रिकामें निघतच नसेल तर चेंबर खरखरीत झालें आहे, किंवा तो धरणारा आकडा झिजला आहे. या शेवटच्या दोषाची गंमत अशी कीं, मालक नव्या काडतुसाला बोल लावतो. पण वाट अडवून बसलेलें असतें तें जुनें.

पट्टी जड होण्याचें एक कारण आपल्याकडेच पाहावयास मिळतें. निफाडकडील एका बागाईतदाराची बंदूक उन्हाळ्यांत उत्तम चाले आणि पौषांत हटकून अडे. त्यानें दोन कारागीर केले. शेवटीं मीं विचारलें, तेल कोणतें घालतां? म्हणाले, 'घरचें खोबरेल, अगदीं शुद्ध.' खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजूं लागतें, आणि निफाडची थंडी तर साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. पहांटे त्या बंदुकीच्या पोटांत अक्षरशः लोणी बसत असे. केरोसिननें तें धुवून काढलें, पुसून कोरडें केलें, यंत्राच्या पातळ तेलाचा नुसता हात फिरविला, आणि दोष नाहींसा झाला. तेल जास्त घातलें म्हणजे यंत्र अधिक चालतें ही समजूत चुकीची आहे. जास्त तेल धूळ धरतें आणि त्याचा चिकट राप होतो.

परत आपल्या जवानाकडे येऊं. मीं बंदूक उजेडांत पाहिली. चेंबर स्वच्छ, आकडा धारदार, अडसर ठीक, पट्टी हलकी. मॅगझिनची स्प्रिंग थोडी मऊ वाटली, कारण तो वर्षानुवर्षें मॅगझिन भरलेलें ठेवीत आला होता. परंतु एवढ्यानें बंदूक अडावी इतकी ती मऊ नव्हती. मग मी दुसऱ्या खोलींत गेलों आणि काडतुसांचा पट्टा उजेडांत धरला. तेथें पहिलें उत्तर मिळालें.

चामड्याचा सुंदर पट्टा होता तो. फौजेंतून परत येतांना त्यानें हौसेनें शिवून घेतलेला. काडतुसें त्यांत किती दिवसांपासून आहेत म्हणून विचारलें, तर म्हणाला, चार वर्षें. एक काडतूस ओढून काढलें तों त्याच्या पितळी बुडावर हिरवा थर चढलेला. चामडें कमावण्यासाठीं जीं द्रव्यें वापरतात तीं ओलाव्यांत पितळेस खातात. आपल्याकडे तर इगतपुरी-त्र्यंबकेश्वरची हवा. चार महिने भिंतींनाही ओल सुटते. अशा बुडाचें काडतूस चेंबरमध्यें कष्टानें जातें आणि त्याहून कष्टानें निघतें. पूर्वीं काडतुसाचें कवच कागदी पुठ्ठ्याचें असे, तेव्हां तर पावसाळ्यांत तीं इतकीं फुगत कीं आत जातच नसत. आतां कवच प्लास्टिकचें झालें. पण बूड धातूचेंच आहे.

त्याच पट्ट्यांत आणखी एक गोष्ट आढळली. कांहीं काडतुसें ६५ मिलीमीटरचीं होतीं आणि कांहीं ७० चीं. '१२ बोअर' एवढें जुळलें म्हणजे सारें जुळलें असें त्याला वाटे. १२ बोअर याचा अर्थ असा: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती १२ बोअरची नळी; तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलीमीटर असतो. हें झालें रुंदीचें माप. लांबीचें माप वेगळें, आणि तें नळीवर कोरलेलें असतें. आंखूड काडतूस पंप-ॲक्शनच्या पट्टीवर कधीं कधीं तिरकें पडतें व अडतें. तो त्रास आहे. पण नळीच्या मापापेक्षां लांब काडतूस घालणें हा धोका आहे. काडतुसाची लांबी तोंड उघडल्यानंतरची मोजतात. म्हणून ७६ चें काडतूस ७० च्या चेंबरमध्यें गुपचूप जातें, आणि उडतांना त्याच्या तोंडाला उघडावयास जागा न मिळाल्यामुळें आंतील दाब भयंकर वाढतो. त्याहून वाईट म्हणजे २० बोअरचें बारीक काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकींत जाणें. तें पुढें घसरून नळींत अडकतें, मालक चेंबर रिकामें समजून मागून १२ चें घालतो, आणि नळी फुटते. हा अपघात टळावा म्हणूनच पुष्कळ देशांत २० बोअरचें काडतूस पिवळ्या रंगाचें करतात.

हिरवीं पडलेलीं सारीं काडतुसें मीं बाजूला काढावयास सांगितलीं. तीं परवानाधारक विक्रेत्यामार्फत निकालांत काढावयाचीं. नवीं एकाच मापाचीं आणावयाचीं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा; १२ बोअरचीं काडतुसें तेथें तयार होत आलेलीं आहेत. त्याचा चेहरा उजळला. 'म्हणजे बंदूक चांगली आहे!' तो म्हणाला. मीही समाधानानें उठणार होतों. परंतु सैन्यांत एक संवय लागलेली: कारण सांपडलें असें वाटलें तरी एकदां चालवून पाहिल्यावांचून उठावयाचें नाहीं.

माझ्याजवळ पांच ड्रिल काडतुसें आहेत. त्यांत दारू नाहीं, छर्रे नाहींत, टोपी नाहीं. वजन मात्र खऱ्याइतकें. त्याच्या देखत तीं मीं भरलीं आणि दस्ता पांच वेळां ओढला. पांचही आलीं आणि पांचही गेलीं. मग बंदूक त्याच्याकडे दिली. पहिलें आलें. दुसऱ्या वेळीं दार बंद झालें तें रिकाम्या चेंबरवर. तिसरें आलें. चौथ्या वेळीं पुन्हां तेंच. जुनीं काडतुसें दुसऱ्या खोलींत होतीं. हीं ड्रिल काडतुसें तर स्वच्छ होतीं. मी बंदुकीकडे पाहण्याचें सोडून त्याच्या हाताकडे पाहूं लागलों. त्याचा डावा हात शेवटच्या बोटभर अंतराआधींच थांबत होता. मघाशीं सांगितलें कीं, मॅगझिनवरील अडसर बाजूला होतो तो अगदीं शेवटीं. हात बोटभर आधीं थांबला तर काडतूस सुटतच नाहीं, आणि मनुष्य भरलेली समजून रिकामी बंदूक खांद्याला लावतो.

भीतीनें पुष्कळांचा हात असा अर्धवट फिरतो. नाशिकचे भीष्मराज बाम हे पोलीस खात्यांतून निवृत्त झाल्यावर नेमबाजांना मनाची तालीम देत असत. ते २०१७ सालीं निवर्तले. त्यांचें सारें काम हेंच होतें कीं, गर्दी पाहत असतांनाही खेळाडूचें मन हातांतल्या क्रियेवर राहावें. परंतु येथें गर्दी नव्हती, भीति नव्हती. माझी ओसरी होती आणि पाऊस होता.

'हात वर कर,' मी म्हणालों.

उजवा हात सरळ वर गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला.

'केव्हांपासून?'

'उस्ताद, कुणाला सांगूं नका,' तो म्हणाला. 'शिमग्यापासून आखडला आहे. साखरेचा आजार आहे ना, त्यानें असें होतें म्हणतात. पोरीचें हें वर्ष निघून जाऊं द्या. बंदुकीचा दाखला तेवढा मिळाला म्हणजे झालें.'

श्रोते हो, मला येथें क्षणभर कांहीं सुचलें नाहीं. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. बंदूक निर्दोष होती. कोणत्याही कारागिरानें तसें प्रामाणिकपणें लिहून दिलें असतें. जुनीं काडतुसें घट्ट बसत, तीं ओढावयास जोर अधिक लागे. आणि खांद्यांत जोर कमी. दोन अर्धे दोष एकत्र आले तेव्हां तो पुरा अडथळा झाला. काडतुसें बदललीं म्हणजे अर्धा दोष जाणार होता, आणि उरलेला अर्धा कोणास दिसणार नव्हता. पुढच्या सरावाला एक वर्ष होतें.

मी म्हणालों, 'बंदुकीचा दाखला तुला मिळेल. तुझ्या खांद्याचा दाखला बंदुकीचा कारागीर देत नाहीं. तूं ज्या दाराशीं बसतोस त्या दारानें एक तारखेला पेन्शन घेणारीं म्हातारीं माणसें आंत जातात. तुला पाहून त्यांना वाटतें, आपण सुरक्षित आहों. तेवढें वाटणें खरें असलें पाहिजे.'

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें बंदूक उघडून मला रिकामी दाखविली, पिशवींत गुंडाळली आणि पावसांत निघून गेला. आपण त्याची भाकरी काढून घेतली, असें त्या रात्रीं मला वाटत राहिलें. 

दुसऱ्या दिवशीं तो आपण होऊन व्यवस्थापकांकडे गेला. दाखला तर त्यानें दिलाच, खांद्याचेंही सांगितलें. पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. त्याला दारावरून काढून नोंदवहीवर बसविलें. बंदुकीचा भत्ता गेला. घरांत ओढाताण झाली. डॉक्टरांनीं साखर आटोक्यांत आणली आणि खांद्याचा व्यायाम दिला. भिंतीवर बोटें चढवीत रोज खडूनें खूण करावयाची, हा त्यांतलाच एक व्यायाम. ती भिंत मीं पाहिली आहे. तिच्यावर खुणांची शिडी झाली आहे. माघांत तो पुन्हां माझ्याकडे आला. मीं तींच पांच ड्रिल काडतुसें दिलीं. त्यानें पांच वेळां भरून पांच वेळां रिकामीं केलीं. पंचविसांपैकीं एकही चुकलें नाहीं. मॅगझिनची मऊ स्प्रिंग तेवढी आम्हीं परवानाधारक कारागिराकडून बदलून घेतली होती. आतां तो दारावर आहे. काडतुसें चामड्याच्या पट्ट्यांत न ठेवतां कोरड्या डब्यांत ठेवतो, आणि कामावर येतांना तेवढींच पट्ट्यांत घालतो.

या हकीकतींतून घेण्यासारखें जें आहे तें आतां क्रमानें सांगतों. ज्यांच्या घरीं परवान्याची बंदूक आहे त्यांनीं कृपा करून लक्ष द्यावें.

बंदूक अडली तर प्रथम थांबावें. नळीचें तोंड सुरक्षित दिशेस, बोट चापाबाहेर. जोर करूं नये, कुंदा आपटूं नये, उघड्या दारांत बोट घालून काडतूस उपटूं नये. चाप ओढून नुसतेंच 'टक्' झालें आणि बार झाला नाहीं, तर बंदूक निदान ३० सेकंद तशीच सुरक्षित दिशेस धरून ठेवावी. कधीं कधीं दारू उशिरां पेटते, आणि घाईनें उघडलेल्या दारांतून ती तोंडावर येते. बार नेहमीपेक्षां मंद, फुसका वाटला तर दुसरा बार कदापि करूं नये. आंतील बुच नळींत अडकलें असेल. बंदूक पुरती रिकामी करून, चेंबरच्या बाजूनें, नळींतून उजेड आरपार दिसतो कीं नाहीं तें पाहावें.

मग कारण शोधावें तें स्वस्तापासून महागाकडे जावें: आधीं काडतूस, मग हात, मग मळ, मग स्प्रिंग, आणि सर्वांच्या शेवटीं झीज. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष जातो, पण तो कशानें गेला हें कळत नाहीं, आणि तो परत येतो. साफसफाई मालकानें करावी. भाग घासणें, वांकविणें, बदलणें हें परवानाधारक कारागिराचें काम. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि परवान्यावांचून नळी आंखूड करणें हा तर गुन्हाच आहे.

आणि उद्यांच्या पूजेविषयीं शेवटची विनंति. पाटावर ठेवण्यापूर्वीं परवानाधारकानें स्वतः बंदूक उघडून ती रिकामी आहे हें डोळ्यांनीं आणि बोटानें पाहावें. चेंबर, मॅगझिन आणि पट्टीखालची जागा, तिन्ही. काडतुसें पूजेंत मांडूं नयेत. दार बंद करून त्यावर फडकें घालावें. कुंकू लांकडी कुंद्यास लावावें, फूल कुंद्यावर ठेवावें, अक्षता ताम्हनांत वाहाव्यात. देवाला त्या तेथेंही पोंचतात. पूजा झाली कीं पुसून, तेलाचा हात फिरवून, बंदूक एका कुलुपांत आणि काडतुसें दुसऱ्या कुलुपांत ठेवावीं. चामड्याच्या वा कापडाच्या पिशवींत बंदूक वर्षभर गुंडाळून ठेवूं नये; पिशवी ओल धरते.

ज्यांच्या घरीं बंदूक नाहीं त्यांनीं एवढेंच करावें: परवां दसऱ्याचें सोनें वांटतांना बँकेच्या दाराशीं बसलेल्या त्या मनुष्यासही एक पान द्यावें, आणि त्याची प्रकृति कशी आहे म्हणून विचारावें. बंदुकीची चौकशी त्याच्याकडे सारेच करतात.